देवनार आगार, पाच रुपये

ट्रॉम्बेच्या टेकडीमागं, पहाटेचे दोन चाळीस.
हॉलभर पंख्यांचा एकच लांब सूर.
मी दमयंती केणी, तिसरी शिफ्ट, छातीवर बिल्ला,
चहाचा थर्मास दाराबाहेर, नेहमीसारखा.

काम सांगायचं तर इतकंच :
न्यूट्रॉनांचा झोत येतो,
डिटेक्टरच्या तोंडाशी त्याच्या आड
एक चकती उभी करायची.
कॅडमियमची, राखाडी,
नखानं ओरखडा पडेल इतकी मऊ.
पण नख लावायचं नाही.
चार मापं आहेत.
मोठी लावली तर केंद्राजवळचं मोलाचं तेही गिळते,
लहान लावली तर डिटेक्टर दिपून आंधळा.
मधलं काय ते नमुना बघून ठरवायचं,
आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

शिकवलं मठपतींनी.
इराण्णा मठपती, अक्कलकोटचे, बोलण्यात कानडी हेल.
पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं,
एवढी भट्टी चालवायची, एवढ्या जाड भिंती बांधायच्या,
आणि शेवटी पोचतात त्यातले बहुतेक आपणच अडवायचे?
ते पान्यानं नट आवळत होते.
वर न बघता म्हणाले,
"सरळ आला तो वाटेत कुणाला भेटलाच नाही की.
त्याला काय विचारतीस?
जरा वाकडा आलाय बघ, त्याला विचार.
त्याला कुणीतरी भेटलंय."

आज नमुना शहनाज मुकादमचा.
मुलगी श्रीवर्धनची, पीएचडीचं चौथं वर्ष,
नमुना म्हणजे कालवाच्या शिंपेचा कागदाएवढा पातळ काप.
कालवं माझ्या आत्यानं दिली, खाडीतल्या खडकावरची.
शिंपेच्या भिंतीत किती पोकळी, केवढाल्या,
हे शहनाजला हवंय.
आत्या म्हणाली, शिंपीत काय असतं ते
मी चाळीस वर्षं कोयतीनं बघतेय, मला विचार म्हणावं.

चाळीसाव्या मिनिटाला पडद्यावर
काळ्या वर्तुळाच्या डाव्या कडेला पांढरी कोर.
मोटर म्हणते, चकती जागेवर.
कोर म्हणते, नाही.
मी कोरीवर विश्वास ठेवला, शटर पाडलं.
थांबले. मीटर खाली आला तसं आत गेले.
चार मिलिमीटर. फक्त चार.
खटक्याखालची फट भरायला
कुणीतरी घातलेली कागदाची चौघडी
सुकून, निसटून खाली पडलेली.
उलगडली : बेस्टचं तिकीट.
मठपती मार्चमध्ये निवृत्त झाले.
कोण जाणे किती वर्षं
एवढं मोठं यंत्र त्यांच्या तिकिटावर टेकून होतं.

माझ्याकडे कॅन्टीनचं कूपन होतं, इडली-सांबारचं.
चार घड्या घातल्या. बसलं.
वहीत लिहिलं : बीमस्टॉप डावीकडे ४ मि.मी., दुरुस्त.
कूपनाचं लिहिलं नाही.

मग एकदा चकती वर घ्यावीच लागते.
आधी वाटेत पर्स्पेक्सची जाड पट्टी,
झोत पातळ, पार पातळ करून,
आणि चकती वर.
जे कुणाला न भेटता आले त्यांचीही मोजदाद :
शंभरातले एकाहत्तर.
त्यांच्याशिवाय वाकड्यांचा हिशेब लागत नाही.
हे मठपतींनी सांगितलं नव्हतं कधी.
रोज करायचे मात्र, न चुकता,
पट्टी आधी, चकती नंतर,
आणि खाली घेताना उलट.

साडेपाचला काळ्या वर्तुळाभोवती
धूसर कडं धरू लागलं.
शहनाज खुर्ची ओढून बसली, काही बोलली नाही.

बाहेर पडताना यंत्राला हात दाखवले, पाय दाखवले,
तिकीटही दाखवलं. काही नाही.
शाई उडालीय, पण वाचता येतं :
देवनार आगार, पाच रुपये.
बस तर सरळ आपल्या फाटकाशी यायची.
म्हणजे ते आधीच उतरायचे
आणि उरलेलं चालत.

कुणाकडं जायचे, मी कधी विचारलं नाही.
थर्मासमधला चहा अजून कोमट होता.